ईनॉकचा कोट

नाही हो साहेब, शिवी नव्हती ती — तुमच्या शब्दकोशात आधी हे लिहा. आज जो तो भिकार, तकलादू मालाला शॉडी म्हणतो, पण आमच्या या बॅटली गावात शॉडी म्हणजे कापड, आणि चांगलं कापड. जुने लोकरी मोजे, शाली, स्वेटर — निवडायचे, शिवणी उसवायच्या, यंत्रात पिंजायचे, की पुन्हा सूत. मूळ काय म्हणता? विणताना लव गळून पडते ना, तिला शॉडी म्हणायचे असं माझी आजी सांगायची — खरंखोटं देव जाणे. पण तीस वर्षं चिंध्यांत काढलीत या केझाया ऑटीनं, विचारा कुणालाही.

मग नाव बदनाम कशानं झालं? समुद्रापलीकडच्या, अमेरिकेतल्या लढाईनं. शिपायांच्या कोटांना कापड हवं होतं, ढिगानं, आणि आजच्या आज. आता चिंध्यांचा धागा आखूड, त्याला धरून ठेवायला नवी लोकर मिसळावीच लागते — इथलं शेंबडं पोरही सांगेल. मालक म्हणाले, नवी लोकर निम्मी करा. मग निम्म्याचीही निम्मी. मिसळणाऱ्या बायकांवर मुकादम कोण? मीच. बोलले का मी? नाही बोलले. मुकादमकी नुकतीच मिळाली होती — हे नका लिहू.

आणि माझा धाकटा भाऊ, ईनॉक, तिकडेच फौजेत. त्याचं पत्र आलं — पहिल्याच पावसात कोटाचा लगदा होऊन खांद्यावरून गळाला, सगळी पलटण शॉडी म्हणून थुंकते, आणि शेवटी लिहिलं होतं, ‘माझी बहीण अशाच गिरणीत आहे हे मी कुणाला सांगितलेलं नाही.’ आईला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं — कोट छान उबदार आहे. दुसरं काय करणार होते? आई प्रार्थनेला आलेल्या एकेकीला गाठून सांगत सुटली, की लेकीच्या कापडात माझा लेक उबेत आहे. मी शेजारी उभी असायचे, मान हलवत.

फेब्रुवारीत दुसरं पत्र आलं, त्याच्या कप्तानाचं. थंडी छातीत उतरली, चार दिवसांत गेला. ते मात्र होतं तसंच वाचलं मी. आई म्हणाली, "पण कोट होता ना गं त्याच्या अंगावर?"

मी म्हटलं, होता.

आता हे कशाला लिहिताय? अर्थ हवा होता ना तुम्हाला, मिळाला. उठा, मला हा ढीग संपवायचाय.