सुट्टीच्या दिवशी पाहिलेला फ्लॅट

शालिग्राम : या सेक्रेटरीसाहेब, बसा. स्टूल पुसून घ्या फक्त, तेल आहे त्याच्यावर.

योगेंद्र : बाबा, प्लीज. मी सेक्रेटरी म्हणून नाही आलो.

शालिग्राम : मग गळ्यात सोसायटीच्या कार्डाचा पट्टा काहून लटकवून राहिला? लहानपणी आईनं तिथंच काळा धागा बांधला होता. नजर लागत नसेल आता, नाही?

योगेंद्र : मीटिंगमधून सरळ आलो. सगळ्यांनी मलाच पुढं केलं. म्हणे, आपके फादर हैं, आप ही बात करो.

शालिग्राम : अच्छा. कर मग. फादर ऐकून राहिले.

योगेंद्र : ही पत्रा कापायची प्रेस इथून हलवा, बाबा. कारखाना बंद करा म्हणत नाही मी. शहराबाहेर प्लॉट मिळून राहिले आता.

शालिग्राम : हेच शहराबाहेर होतं, बाबू. गावातून, चेरीतालहून सायकलनं यायचो, तर लोक म्हणायचे, शालिग्रामचं डोकं फिरलं, जंगलात पत्र्याचं शेड टाकलं. मग तुम्ही आले. आता जंगल तुमचं, अन् उपरा मी.

योगेंद्र : दिवसभर धडाम धडाम चालते. कपाटातली भांडी थरथरतात. आमच्या वरच्या प्रणोती मॅडम ऑनलाइन शिकवतात, तर पोरं विचारतात, मॅडम, आपके यहाँ तोप चल रही है क्या.

शालिग्राम : मग फ्लॅट घेताना कान कुठं ठेवून आले होते सगळे? विजय नगरला?

योगेंद्र : बिल्डर मंगळवारीच दाखवायचा फ्लॅट. म्हणायचा, मंगळवार शुभ असते.

शालिग्राम : लई धार्मिक माणूस. मंगळवारी या अख्ख्या इलाक्याची सुट्टी असते, एक मशीन चालत नाही, हे त्याच्या देवानंच सांगितलं असेल त्याला. बरं, बाकीच्यांचं सोड. कोणी बँकेतलं, कोणी कॉलेजातलं, बदलीवर आलेली माणसं. त्यांना काय माहीत. पण तू? तुला सायकल शिकवली ती याच रस्त्यावर, अन् मंगळवारीच, ट्रक नसतात म्हणून. तू कधी गेला होता फ्लॅट पाहाले?

योगेंद्र : जाऊ द्या न.

शालिग्राम : नाही, सांग.

योगेंद्र : मंगळवारी.

शालिग्राम : अन् सूनबाईला, अमिताला काय म्हणाला?

योगेंद्र : म्हणालो, किती शांत आहे इथं.

शालिग्राम : वा. कारखानदाराचा पोरगा शोभतो. बापाचं नाव काढलं.

योगेंद्र : हसा तुम्ही. लिफ्टमध्ये लोक बोलतात, ‘वो बुड्ढा मानता ही नहीं’. मी तिथंच उभा असतो अन् मोबाईल पाहतो. लाज वाटते बाबा. त्यांची वाटते, तुमची वाटते, सगळ्यात जास्त माझी वाटते.

शालिग्राम : त्या लोकांच्या एकूण एक दाराला बिजागऱ्या या बुड्ढ्याच्या आहेत. बिल्डरनं इथूनच नेल्या. म्हणा त्यांना, दार करकरलं तर या, तेल फुकट देतो.

योगेंद्र : पण हे सगळं आता कोणासाठी? मी काही चालवणार नाही. ऑर्डरीही आता नावालाच येतात.

शालिग्राम : माझ्यासाठी असतं न, तर कधीच बंद केलं असतं. घरी बसून तुझ्या आईच्या मालिका पाहिल्या असत्या. बंडूसाठी चालवून राहिलो. अर्धं आयुष्य गेलं त्याचं त्या प्रेसवर, दुसरं काही येत नाही त्याला. तुला शाळेत सोडायचा तो, आठवते? या वयात त्याला कुठं पाठवू मी?

योगेंद्र : ते मला माहीत नव्हतं.

शालिग्राम : लिफ्टमध्ये नसतील बोलत. आता असं कर, तूच सांग त्याला. तोंडावर सांग की बंडूभाऊ, आमची भांडी थरथरतात, तुम्ही घरी जा. तो हो म्हणाला, तर आज संध्याकाळी मेन स्विच मी माझ्या हातानं पाडतो. बंडू, ए बंडू. ये बरं जरा. साहेबांना काही बोलायचं आहे.

(प्रेसचा आवाज थांबतो. बंडू चिंधीला हात पुसत येतो.)

बंडू : अरे, योगूभैया. बरं झालं तुमीच आले. मी येनारच होतो तुमच्याकडं.

योगेंद्र : बंडूभाऊ, कसं सांगू... जरा अवघड आहे.

बंडू : मंग आधी मी सांगतो, मायंही अवघडच आहे. तुमच्या सोसायटीत गार्डची जागा निघाली म्हनते. तेवढं मायं नाव लावून द्या न.

शालिग्राम : काय म्हणाला तू?

बंडू : भाऊ, रागावू नका. लई दिवसांचं सांगीन सांगीन म्हनून राहिलो, पन तोंड उघडत नव्हतं. पायानं प्रेस दाबू दाबू गुडघे गेले माये. घरची बोलते ते बी ऐकू येत नाही धड. तिथं खुर्ची देतात, वर्दी देतात.

शालिग्राम : मग इतके दिवस काहून थांबला?

बंडू : तुमच्यासाठीच थांबलो. म्हटलं, मी गेलो तर भाऊचा कारखाना बसन. या वयात भाऊ काय करतीन दिवसभर.

योगेंद्र : बंडूभाऊ, अहो, बाबाही तुमच्यासाठीच...

शालिग्राम : योगेंद्र. चूप राहा.

बंडू : काय म्हनत होते भैया?

शालिग्राम : काही नाही. तुझं नाव लावून देतो म्हणते. आजच देईल. सेक्रेटरी आहे तो.

बंडू : अन् प्रेसचं?

शालिग्राम : प्रेसला काय, भंगारवाला नेईल. तू गुडघ्यांचं पाहा.

बंडू : रागावले न तुमी?

शालिग्राम : नाही रे. फक्त एक सांग. नातीला, दुर्वाला पाहाले आलो कधी, तर गेटातून सोडशील न मला?

बंडू : तुमाले नाही तर कोनाले सोडीन, भाऊ? नाव तेवढं लिहा लागते. अन् कोनाकडं आले ते.