आत्याचं मनगट

आमच्या बाजारात चोऱ्या कमी झाल्या म्हणता ना, त्या कशा कमी होतात ते मी डोळ्यांनी बघितलंय.

जळकोटची माझी आत्या नांदेडला आली होती. भरदुपारी भाजी घेताना एकानं तिच्या हातातला मोबाईल हिसकावून नेला. आम्ही ठाण्यात गेलो. जमादारांनी कोरा कागद पुढं केला. "मोबाईल गहाळ झाला, असा अर्ज लिहा."

"गहाळ न्हाई साहेब, चोरला."

"मावशी, चोरी लिहिली की आमच्या हद्दीचा आकडा वाढतो. गहाळ लिहा, लगेच मोकळ्या व्हाल."

खरं सांगते, मी पेन उघडलं होतं. आत्यानं मनगट टेबलावर ठेवलं. नखांचे ताजे ओरखडे होते.

"मग हे काय हाय? हरवताना मोबाईलनं बोचकारलं का मला?"

जमादारांनी कोरा कागद पुन्हा पुढं सरकवला. आत्या बाकड्यावर मांडी घालून बसली. शेजारी दोन बाया हातात गहाळचे अर्ज घेऊन बसल्या होत्या. दोन तासांनी जमादारांनी वैतागून चोरीची फिर्याद लिहून घेतली.

"मावशी, महिनाभर आमच्याकडं एक बी चोरी नव्हती. तुम्ही लई हट्टी."

आत्यानं सही केली आणि त्या दोघींकडं वळली.

"फाडा गं ते अर्ज."