चकचकीत पत्रिका

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक भाऊ-बहीण उभे होते.

"दादा, तुझ्या लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी पहिली पत्रिका कौतुकानं तुझ्या हातात दिली, आणि तू तिच्यावर चिकटपट्टी लावून खस्सकन ओढलीस?"

"अगं, अठ्ठावीस वर्षं कारखान्यात कागदावर गरम प्लॅस्टिकचा थर चढवतोय. चकचकीत कागद दिसला की थर सुटतो का, ते बघायला हात आपोआप जातो."

"पण खिशात चिकटपट्टी ठेवून कोण फिरतं?"

"आमच्या खात्यात सगळेच."

"मग? सुटला थर?"

"नवरदेवाच्या नावासकट."

"अगं बाई! व्याही भडकले असतील."

"माझ्यावर नाही गं. कागद आमच्याच कारखान्यातला, हे त्यांना कुठं माहीत! म्हणाले, हा कागद बनवणारा एकदा भेटू दे मला!"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, भेटेल की, लग्नात."