निळा पडलेला सायलेन्सर

हॅलो? … कोण 'मी'? … फोनवर नुसतं 'मी' म्हणण्याची या घरात पद्धत नाही. … हां. शिवलिंगप्पांची पणती, सिद्रामप्पांची नात, गुरुशांतची लेक दानेश्वरी. असं सांगावं. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायला लावलंस सकाळी सकाळी. बोल आता.

काय? बंद पडली? … कुठे? … म्हणजे चिंचोळीचा कारखाना अजून सात किलोमीटर. आणि रेश्मा? … रडते आहे? तिला म्हणावं, कारखान्यातली मुलाखत अकराला आहे, आत्ता साडेदहा वाजले आहेत. अकराच्या आधी रडायचं नाही.

… बजाबाई, तुम्ही उठू नका. चहा घ्या. तुमची नात रेश्मा सुखरूप आहे. मोटारसायकल रुसली आहे, इतकंच.

हो, हो… अगं ऐक ना! … रिक्षा नाही, वडापच्या भरलेल्या जीपा थांबत नाहीत, कळलं. मग लक्षण सांग. … धाप लागल्यासारखी होते, फट्-फट् करते आणि थांबते. टाकी? … भरलेली. इंजिन? … हात लावू नकोस! बाटलीतलं पाणीही ओतू नकोस, तापल्या इंजिनाला तडा जाईल. सायलेन्सरचा पाइप निळा पडला आहे? … पडणारच! आजोबांच्या गाडीचा चांगला सायलेन्सर काढून ती तुतारी कुणी बसवली? वर एअर फिल्टरही उघडा बसवलास. हवा दुप्पट आत, पेट्रोल तेवढंच. चुलीत फुंकर मोठी आणि जळण चिमूटभर! तीस वर्षं आपल्या गॅरेजच्या स्टुलावर बसून मी इंजिनांचे आवाज ऐकले आहेत, मला शिकवू नकोस.

… काय बदलला? … कार्ब्युरेटरचा जेट? मोठा टाकलास? म्हणजे पेट्रोलही वाढवलंस? … त्याच दिवशी. … आणि महिनाभर बिनतक्रार चालली? … हं.

नाही, फोन चालू आहे. मी विचार करते आहे.

बंद कधीपासून पडते? … परवापासून. चार-पाच किलोमीटर गेली की बंद. आणि जरा वेळ उभी केली की? … आपोआप सुरू. दानेश्वरी, टाकीला कान लाव आणि झाकण उघड. हळूच. … काय ऐकू आलं? … 'सुस्स'! सापडलं. टाकीत वारा शिरत नाही. वरून हवा आल्याशिवाय पेट्रोल खाली कसं उतरेल? ते उतरलं नाही, म्हणून इंजिन तापलं. झाकणाला सुईएवढं भोक असतं, ते बुजलं आहे.

… झाकणही नवीन? तुतारीबरोबरच आणलंस? तरी म्हटलं! जुन्या झाकणाचं भोक खाली आडोशाला होतं. याचं वरच, तोंड वासून. बघ कशानं बुजलं ते. चिखल? … पांढरं? … वाळून घट्ट झालेलं?

… तीन पट्टे?

… हो. परवा अमावास्येला गाडीची पूजा मीच केली. … हो, विभूती मीच भिजवून लावली. … बोटानं दाबून. चकचकीत झाकण दिसलं, म्हटलं, यालाही मान द्यावा. … हसू नकोस. … बजाबाई, तुम्हीही हसू नका.

बरं. चूक माझी. हे एकदाच म्हणेन. तुतारीला मात्र माफी नाही, तो आवाज पाहुण्यांसमोर शोभत नाही.

रेश्माच्या ओढणीला पिन असेल की. … झाकण हातात घे, खालून वर टोच. … उजेड दिसतो आरपार? शाबास. किती वाजले? … दहा चाळीस. पाच मिनिटं इंजिन निवू दे. तोवर फोन रेश्माला दे.

रेश्मा? डोळे पूस, बाळ. तुझी आज्जी कोण आहे, ठाऊक आहे? बेचाळीस वर्षांपूर्वी मंद्रूपच्या रस्त्यावर आमची मोटारसायकल अशीच तापून बसली आणि मला कळा सुरू झाल्या. तुझी आज्जी बैलगाडी घेऊन बाजाराला निघाली होती. तिनं गाडीभर वांगी रस्त्यावर ओतली आणि मला दवाखान्यात पोचवलं. गुरुशांत जन्मला. वांगी म्हशींनी खाल्ली. … हो, भरून द्यायला गेलो होतो. तर म्हणाली, 'ऱ्हाऊ द्या की. कवातरी माज्या पोरीबाळीला कुटं पोचवा.' … कळलं? आता मागे बस, फोन धरून ठेव. मला आवाज ऐकायचा आहे.

… किक मारली? … हां. … हां! एकसारखा. घाई नको, दानेश्वरीला सांग, चाळीसच्या वर नाही. …

… पाच किलोमीटर झाले? इथेच बंद पडायची ना? … गेली पुढे! बजाबाई, गेली पुढे!

… कारखान्याचं फाटक दिसलं? … चार मिनिटं आधी. उतर. केस नीट कर. आणि फाटकावर पूर्ण नाव सांग.

… दानेश्वरी? … आत घेतलं? … नक्की? … ऐकलंत, बजाबाई? तुमची नात आत गेली. पोचवली आम्ही. … अहो, डोळ्याला पदर कशाला? अकरा वाजायचे आहेत अजून. … काय? … पुन्हा म्हणा.

… दानेश्वरी, ऐक, त्या काय म्हणतात. म्हणतात, 'फिटलं, गुरम्मा. वांग्यासगट फिटलं.'

… ठेव आता. माझा चहा निवला.