जानरावच्या ट्रकाच्या पोटात काय होतं

…अन् वरतून तो शेषराव मलेच म्हनते, "आजी, गाडी घेतानी विचारलं काऊन नाही तुमी?" आता तुमीच सांगा बाप्पा, विचारायचं तरी काय काय? जुना ट्रक घेतला आमी, लोनारकडून, या शेषरावापासून. चाकं पाह्यली, स्प्रिंगचे पाटे पाह्यले, हॉर्न वाजवून पाह्यला, मी तं खाली वाकून तेल गळून राह्यलं का हे बी पाह्यलं, तवा जे कंबर धरली ते आजवर सुटली नाही… पन त्याच्या पोटात काय हाय, हे मानसानं कसं पाहावं? सांगा ना! होतं तरी काय त्याच्या पोटात?

थांबा. असं मधातूनच सांगतलं तं तुमी म्हनान बनाबाई भरकटली. पह्यले माह्या पोराचं सांगते, जानरावाचं. तुम्हाले सांगते, या साऱ्या मुलखात त्याच्याएवढा हळू ड्रायवर तुम्हाले भेटनार नाही. तो गाईले रस्ता देते, शेळीले देते, रस्त्यातल्या डबक्यात चिमनी आंघोळ करत असली तं तिचं अंग पुसून होईपर्यंत थांबते! आमच्या जानेफळात लोक म्हनतात, जानरावच्या गाडीत अंडी ठेवू नका, पोचेपर्यंत पिलं निघतात. एस्टी त्याच्या मागं लागली की कंडक्टर खाली उतरून चहा पिऊन येते अन् पुन्हा चढते. पन आजवर कोनाले खरचटलं नाही हो त्याच्या हातून! हेबी सांगतलं पाह्यजे.

आता असा हा मानूस, सारा जनम दुसऱ्याच्या गाडीवर. मालकाचा फोन आला की ताटावरून उठे, हात तसाच, कढी लागलेला. माही सून सारिका एक दिवस म्हने, "आई, एकडाव आपल्या दारात आपली गाडी उभी राहू द्या, मंग मी काहीच मांगनार नाही." (मांगते अजून. ते जाऊ द्या.) म्हनून हा ट्रक.

शेषराव गोड बोलन्यात असा पक्का की साखरेले मुंग्या लागत नाही, याले लागतीन. चावी हातात देल्ली अन् म्हने, "चालवून पाहा ना जानरावभाऊ! पाह्यजे तितकी पाहा! मक्खन हाय, मक्खन!" माहा पोरगा बसला. पह्यला गेर टाकला, निंबाच्या झाडाले एक चक्कर. दुसरा टाकला, अजून एक चक्कर. झालं, उतरला! मी म्हनलं, "अरे, मोठ्या रस्त्यावर तं ने." तं म्हने, "काऊन? चालते तं." अन् ट्रकाच्या पाठीवर थाप मारून म्हने, "लय गरीब हाय वो आई, शिंग नाही उगारनार."

गरीब!

घरी आनला. तो बी दुसऱ्याच गेरवर. समोर काचेवर जयभीम लिहून घेतलं, वंदना झाली, साऱ्या गल्लीत लाडू वाटले. शेजारची विमलबाई लिंबू-मिरची घेऊन आली. सारिका म्हने, "काकू, आमच्यात नाही बांधत." विमलबाई म्हने, "तुमच्यात नसन वं, पन आठ दिवसानं माह्या ज्ञानेश्वरचं वऱ्हाड याच गाडीत जानार हाय, आमच्यापुरतं तं बांध!" नाही बांधलं. मंग पुढं जे झालं त्याचा सारा ठपका कोनावर आला, समजलं तुम्हाले? त्या न बांधलेल्या लिंबावर!

वऱ्हाड निघालं. नवरीचं गाव लोनारच्या अलीकडं. क्याबिनीत जानराव, त्याच्या बाजूले मी, माह्या बाजूले विमलबाई, अन् खिडकीपाशी नवरदेव, गुलाबी फेटा बांधून. मागं बाया, मानसं, पोरं, रुखवताचं परतीले लागते म्हनून रिकामे डबे. गावातून निघालो तवा निंबाच्या झाडाचीच चाल. विमलबाई म्हने, "जानराव, आज पोचू ना रे बाप्पा? का तिथीच बारसं करू?" आता त्याले लागलं ते. कोनाले नाही लागनार? मोठा रस्ता आला, समोर चढ होता, अन् माह्या पोरानं वरचा गेर टाकला अन्… पाय देल्ला. जरासाच हो! मुंगीवर ठेवतो तसा!

अन् तो ट्रक जे उधळला माय!! तुम्हाले सांगते, चढ होता का उतार मले समजलंच नाही, झाडं मागं, गावं मागं, एक एस्टी होती समोर ते बी मागं, जानरावनं जिंदगीत पह्यल्यांदा एस्टी मागं टाकली अन् तिचा ड्रायवर खिडकीतून डोकं काढून पाहून राह्यला की हा जानरावच हाय का! मागून बाया वरडून राह्यल्या, डबे वरडून राह्यले, विमलबाई माह्या मांडीत, फेटा निघाला अन् गेला बाभळीवर, नवरदेव म्हने, "फेटा! फेटा!", जानराव म्हने, "ब्रेक हाय! ब्रेक हाय!" कोनाले सांगत होता देव जाने. अन् मागून काळा धूर असा, की मोटारसायकलवर येनारा नवरदेवाचा मामा उतरला तवा त्याच्या बहिनीनंच त्याले वळखलं नाही. निरे दात दिसत होते.

अन् पोचलो! आता तुमी मले सांगा, तुमी आजवर वऱ्हाड येळेवर पोचलेलं पाह्यलं काय? नाही ना? कोनीच नाही पाह्यलं! सारी मांडनीच त्यावर असते, की वऱ्हाड उशिरा येनार. मांडवाचे बांबू आडवे पडलेले. आचारी कांद्याच्या पोत्यावर डोकं ठेवून झोपलेला. नवरीचा बाप बनियनवर, तोंडाले साबन, न्हावी समोर. त्यानं ट्रक पाह्यला, अन् साबनाच्या तोंडानंच हात केला, "पुढं जा, पुढं! ते लग्न पुढच्या गावात हाय!"

अन् जानराव लेकाचा, कोनी सांगतलं की आयकनारा! निघाला ना पुढं! विमलबाईनं स्टेरिंग धरलं तवा थांबला.

मंग जो मानपानाचा तमाशा झाला! विमलबाई उतरली अन् कंबरेवर हात, "आमाले हाकललं? नवरदेवाले हाकललं?" तो बिचारा व्याही, अर्धी दाढी केलेली अन् अर्धी राह्यलेली, पाया पडून राह्यला, "ताई, आमच्याकडं आजवर कोनी येळेवर आलंच नाही वो!" शेवटी समदा राग फिरून आला माह्या पोरावर. "जानराव, खरं सांग, घेतली का तू?" आता जानराव! जो सुपारी खात नाही! अन् परतीले त्यानं दुसऱ्या गेरच्या वर हातच नेला नाही. नवरी आमच्या गाडीत रडत चढली, रडून झालं, झोपली, उठली, सासूसंगं गप्पा झाल्या, दोघींचं एक भांडन बी झालं अन् मिटलं, तवा जानेफळ आलं.

घरी आल्यावर त्यानं चावी माह्या पदरात टाकली. म्हने, "आई, मागं लेकरं बसली होती. मी नाही बसत आता त्याच्यावर. उद्या जुन्या मालकाकडं जातो."

ऐकलं? पुन्हा दुसऱ्याची गाडी, पुन्हा ताटावरून उठनं! सारिका चुलीपाशी तोंड फिरवून बसली. ट्रक दारात उभा. कोंबड्या त्याच्यावर चढून बसायले लागल्या. अन् मले एकच घोर, याच्या पोटात हाय तरी काय?

गल्लीत जो तो सांगे. विमलबाई म्हने, "लिंबू!" चहाच्या टपरीवरला गोविंदा म्हने, "आजी, लोनारची गाडी हाय ना? तिथं आभाळातून दगड पडला, तिथं होकायंत्राची सुई गरगर फिरते, तिथली गाडी वढनारच!" मी म्हनलं, मंग लोनारच्या म्हशी काऊन नाही पळत बे? मले वाटे याले काही पाजलं हाय. बाजारात बैल विकतानी पाजत नाही का लोक? दिवसभर डुरकते अन् घरी आनला की मान टाकते! म्हनून मी टाकीचं झाकन उघडून हुंगलं. चक्कर आली, पन वास डिझेलचाच. सारिका म्हने, "आई, आपन भूत मानत नाही, नजर मानत नाही, मंग कारन पाह्यजे ना? रवीले बलवा."

रवी म्हंजे माह्या बहिनीचा नातू, मेहकरले गाड्या दुरुस्त करते. मले वाटलं आता पाना घेईन, खाली झोपन, हात काळे करन. कुठचं! तो पाटीवानी काम्प्युटर घेऊन आला, स्टेरिंगखाली एक वायर खुपसली अन् मांडी घालून बसला. मी मान घालून पाहून राह्यली. "काय दिसते रे? पोटात काय हाय?"

"पोटात काही नाही आजी. डोक्यात हाय."

"ट्रकाले डोकं?"

"हाव ना. या डबीत असते. पाय इतका देल्ला तं डिझेल इतकं पाजायचं, हे कंपनीनं सांगून ठेवलेलं राह्यते. इथी कोनीतरी ते मोडून दुसरंच शिकवलं. वरच्या गेरात पाय हालला की वतते बदाबद."

आता बोला! डोकं ट्रकाचं, अक्कल दुसऱ्याची! मी तवाच शेषरावाले फोन लावला. तं तो कसा, "अवो आजी, तेच! भरल्या गाडीनं चढ चढावा म्हनून ड्रायवरनं करून घेतलं होतं! लोक हौसेनं करतात, तुमाले तं फुकटात भेटलं!" मी म्हनलं, सांगतलं काऊन नाही? अन् तवा तो म्हनला ना, "विचारलं काऊन नाही तुमी?" अरे भल्या मानसा, बैल घेतानी कोनी विचारते का, की याचं डोकं याचंच हाय ना म्हनून?

रवी जानरावले म्हने, "काका, ठेवू का काढू?" आता पाहा बरं गंमत. लिंबूवाली विमलबाई कुंपनावरून म्हने, "ठेव रे, धाकट्याचं बी लग्न हाय!" ठेवलं तं नवरा येळेवर जेवायले येईन, हे सारिकाच्या तोंडावर दिसत होतं. जानराव उठला. ट्रकाच्या पाठीवर हात ठेवला. म्हने, "काढ. मागं मानसं बसतात."

काढलं. कंपनीनं देल्लं होतं तसं डोकं परत बसवलं. अन् जानराव चावी घेऊन गेला ना माय माह्या पदरातून! तवापासून आपल्याच गाडीवर हाय. जेवन पुरतं करून उठते, शिट्टी वाजवत जाते.

पन काल मी त्याच्यासंगं लोनारच्या बाजाराले निघाली. चढावर एक सायकलवाला आमाले मागं टाकून गेला, पोतं घेऊन! अन् वरून हात केला, "जयभीम काका!" जानरावनं बी केला, खुशीत. आमी पोचलो तवा बाजार उठला होता, एक कुत्रं फक्त होतं, कोबीचा पाला हुंगत.

आज रवी आला तं त्याले कोपऱ्यात नेलं मी. म्हनलं, "बाबू, ते वायर एकडाव जानरावले लावून पाह्यशीन काय? जास्त नको. थोडंसं."

तं हसून म्हने, "नाही जमत आजी. काकाले कंपनीनं जसं बनवलं तसंच राहनार."

आता तक्रार घेऊन जाऊ कुठी? कंपनी तं मीच!