कार्टमध्ये राहिलेल्या टोप्या

ह्यूनव्हिलच्या टपाल कचेरीत डेस्मंडच्या पुढे रांगेत मायलेकी उभ्या होत्या. लेकीचं डोकं फोनमध्ये होतं.

"आई, कालही दुकानावर एकतीस गिऱ्हाइकं आली, लोकरीची टोपी कार्टमध्ये टाकली नि पैसे न भरताच पळाली. शुक्रवारपर्यंत एकही खपली नाही, तर ऑनलाइन दुकान बंद. मी परत बागेत सफरचंदं खोक्यांत भरायला."

"बंद कशाला? आम्ही रोज येतो की!"

"आम्ही म्हणजे?"

"आमच्या बोलिंग क्लबच्या बायका. सकाळच्या चहाला सगळ्या डोकावतो. गावातलं दुकान ओस दिसू नये, एवढी रीत कळते आम्हाला."

"मग घेत का नाही?"

"घेणारच होतो. पण कार्टमध्ये टाकून ठेवली की दुसऱ्या दिवशी तू भाव उतरवतेस. चाळीस डॉलरची बावीसवर आली. क्लबातली ग्लेनिस म्हणते, शुक्रवारपर्यंत दम धरा."

"असं? बारा वाजता परत चाळीस करतेय."

म्हातारीनं घाईघाईनं फोन लावला. "ग्लेनिस, चहा ठेव खाली! सगळ्यांना सांग, बाराच्या आत घ्या!"

डेस्मंडचा नंबर येईस्तोवर लेकीच्या फोनवर ऑर्डरची घंटी तीस वेळा वाजली.

"एकतिसावं कोण राहिलं?"

"मी गं. आईकडनं पैसे घेणार होय?"