सातवा रकाना

भूमिका : एकवीस उत्तरपत्रिका. प्रत्येकीत आठ रकाने, म्हणजे एकशे अडुसष्ट. भरलेले एकशे सदुसष्ट. मी दोनदा मोजले, सर.

घनश्याम : तिसऱ्यांदा मोजू नको. निकाल लाव. बाहेर लोक चहा पिऊन प्रमाणपत्राची वाट पाहून राहिलेत. रविवारी गोंदियाला समूहनृत्य स्पर्धा आहे, अन् यंदापासून प्रमाणित परीक्षकाशिवाय कोणी टेबलावर बसणार नाही. मंडळाचं पत्रच आहे तसं.

भूमिका : एक रकाना राहिलाय. सातव्या नाचाचा.

घनश्याम : कोणाचा?

भूमिका : जंगलूबाबांचा. चिचगडचे.

घनश्याम : मला वाटलंच! तीन दिवस या परीक्षक प्रशिक्षणात घसा कोरडा केला. पडद्यावर नाच पाहा, शंभरपैकी गुण लिहा, पुढं चला. यात काय कठीण आहे? बरं, रकाना रिकामा असला तर आपला नियम काय?

भूमिका : उत्तरपत्रिका रद्द.

घनश्याम : नियम कोणी लिहिला?

भूमिका : मीच.

घनश्याम : मग विषय खतम.

भूमिका : अगदीच रिकामा नाही, सर. आकडा नाही, पण पेन्सिलनं लिहिलंय, ‘तिसऱ्यात दिले’. एकदा विचारू तरी द्या. जंगलूबाबा! जरा आत या ना.

जंगलू : आलो, आलो. लागला का निकाल, बाई? चारची गाडी पकडाची हाय मले. कोहमाऱ्याले उतरून देवरीची गाडी, मंग तिकडून चिचगड. चुकली का रात तिथंच ढाब्यावर.

भूमिका : बाबा, सातव्या नाचाला गुण काऊन नाही दिले?

जंगलू : दिले ना. तिसऱ्याले शहाऐंशी दिले. सातवा तोच नाच होय. एका नाचाले दोनदा गुण कायले द्याचे?

घनश्याम : तोच कसा, जंगलूभाऊ? तिसरा आश्रमशाळेचा संघ, सातवा शहरातल्या कॉलेजचा. प्रत्येक नाचाआधी पाटी होती, एवढ्या मोठ्या अक्षरात.

जंगलू : पाटी मी सोडून देल्ली, गुरुजी. मले वाचाले वेळ लागते. तंवर नाच निंघून जाते.

घनश्याम : सगळे आदिवासी नाच. पोशाख सारखे दिसले असतील तुम्हाला.

जंगलू : पोशाखाचं नाई सांगून राहिलो मी. रिंगनात एक ठेंगनी पोट्टी हाय, तिचा एक पाय भारी पडते. पाचव्या फेऱ्यात तिच्या डोक्यातलं कागदाचं फूल पडलं. मागच्या पोट्टीनं त्याच्यावर पाय नाई ठेवला, लांब टांग टाकून गेली. तिसऱ्यातही, सातव्यातही. दोन गावच्या पोट्ट्याइचं फूल एकाच ठोक्याले पडते का, गुरुजी?

घनश्याम : भूमिका, लाव बरं ते.

(भूमिका लॅपटॉपवर तिसरा आणि सातवा नाच शेजारी शेजारी लावते. कागदाची दोन फुलं एकाच क्षणी पडतात.)

जंगलू : आता रिंगन पाहा. आमचं रिंगन घड्याळाच्या काट्याच्या उलटं चालते. तिसऱ्यात चाललं तसंच. सातव्यात काट्यासंगं चाललं. तसं आमच्या पट्ट्यात कोनी नाचत नाई. अन् सगळ्याइचे पदर एकदम दुसऱ्या खांद्यावर कसे गेले? पोट्ट्या नाई उलट्या झाल्या. तुमच्या यंत्रानं उलटवल्या.

घनश्याम : भूमिका?

भूमिका : बरोबर सांगून राहिले ते. मीच केलं. उजव्याचं डावं केलं, आरशात दिसतं तसं. अन् पाटी बदलली.

घनश्याम : कायले?

भूमिका : प्रयोगशाळेत मोजणारा भरवशाचा आहे का हे असंच पाहतात, सर. तीच वस्तू त्याच्या हातात दुसऱ्यांदा द्यायची, न सांगता. दोन्ही वेळा आकडा जवळपास तोच आला पाहिजे.

घनश्याम : मला न सांगता?

भूमिका : तुम्हाला तर मुळीच सांगता येत नव्हतं. मानक गुण तुमचे होते.

जंगलू : मानक म्हंजे?

भूमिका : सरांनी आठवडाभर आधी हेच आठ नाच पाहून गुण देऊन ठेवले होते, बाबा. उमेदवाराचा आकडा सरांच्या आकड्याच्या पाच मागं-पुढं असला तर तो नाच जुळला. आठपैकी सहा जुळले की पास.

जंगलू : म्हंजे नाच नाई ओळखाचा. गुरुजीले ओळखाचं.

घनश्याम : असं बोलू नका. तीस वर्षं शाळेचे कार्यक्रम बसवलेत मी. कुठेतरी एक माप ठेवावंच लागतं.

भूमिका : तेच माप तपासलं, सर. वाचू का? तिसऱ्याला तुम्ही अठ्ठावन्न दिले. शेरा आहे, ‘प्रेक्षकांकडे पाठ, दहा गुण वजा. रचनेत तोचतोपणा.’ सातव्याला एक्क्याऐंशी. शेरा, ‘वर्तुळाकार रचनेचा नावीन्यपूर्ण वापर.’

जंगलू : हासू नये मानसानं. पन हासू येते.

घनश्याम : पुरे झालं.

भूमिका : एकाच नाचात तेवीस गुणांचा फरक. अन् बाकीच्या वीस जणांच्या पत्रिकाही मी पाहिल्या. सगळ्यांनी सातव्याला जास्त दिले. सगळ्यात कमी फरक अकरा, सगळ्यात जास्त एकतीस. तीन दिवसांत आपण त्यांना नेमकं तेवढंच शिकवलं.

घनश्याम : मला काय स्वप्न पडणार होतं? मला दिसलंच नाही गं. आश्रमशाळा वाचलं अन्... पेन आधीच खाली आला. कॉलेज वाचलं, तर वाटलं कोणीतरी विचार करून बसवलंय. मुद्दाम नाही केलं मी.

भूमिका : मुद्दाम केलं असं मी म्हटलंच नाही, सर.

जंगलू : तिसऱ्याचे दहा पाठीचे गेले. तेच आमच्या पोट्ट्याइचे तीन साल झाले जाऊन राहिले. मागच्या साली चार गुनानं बक्षीस हुकलं. रिंगनात नाचलं तर कोनाची ना कोनाची पाठ येनारच ना, गुरुजी? पाठ नाई पायजे तर रिंगनच नाई पायजे. माझी नात धनवंता म्हनते, आजा, औंदा तू टेबलावर बस. नाई तर आमी फिलमवाल्यासारख्या ओळीत उभ्या राहू, तोंड समोर करून. त्याच्यासाठी आलो मी. तीन दिवस इथं बाकावर बसलो.

घनश्याम : नात नाचते, अन् आजोबा परीक्षक? ते तसंही चाललं नसतं.

जंगलू : चिचगडची पाळी आली का उठून बाहेर जाईन. बाकीच्या गावाइच्या पोट्ट्या नाईत का? त्याइच्यासाठी तरी कोनी बसाले पायजे, ज्याले रिंगन दिसते.

भूमिका : सर, एकच उपाय आहे. या दोन नाचांचं मानक रद्द करायचं. तिसरा अन् सातवा वगळून बाकीच्या सहा नाचांवर निकाल लावायचा, अन् त्यांचं काय झालं ते अहवालात लिहायचं. बाबांचे त्या सहापैकी पाच जुळलेत, तेही पास होतात.

घनश्याम : अहवालात काय लिहिशील? घनश्याम गुरुजींनी एकाच नाचाला अठ्ठावन्न अन् एक्क्याऐंशी दिले? मग बाकीचे वीस पास झालेत, त्यांची प्रमाणपत्रं कोण मानेल? मंडळ परीक्षा रद्द करेल. रविवारी सव्वीस संघ येऊन राहिले, आमगाव, सालेकसा, अर्जुनी, सगळीकडून. पोरं चार महिन्यांपासून घाम गाळून राहिलीत. त्यांना म्हणू, वापस जा, परीक्षक नाहीत? बोल ना!

भूमिका : तसं नाही म्हणता येणार.

घनश्याम : तर मग. माझ्याकडे याच्यापेक्षा सोपी गोष्ट आहे. जंगलूभाऊ, हा घ्या पेन. सातव्या रकान्यात शहाऐंशी लिहा. तुमचाच आकडा, मी सांगितलेला नाही. माझ्या एक्क्याऐंशीच्या पाचात बसतो. पाच जुळलेत, हा सहावा. पास. रविवारी या टेबलावर. तुमच्या गावाची पाळी आली की बाहेर जा, माझी हरकत नाही.

भूमिका : अन् दोन्ही नाच एकच होते, हे?

घनश्याम : ते आपण तिघं जाणतो. पुरे नाही का?

जंगलू : थांबा, गुरुजी. समजून घेऊ द्या. सातवा नाच वेगळ्या संघाचा, असं समजून लिहू?

घनश्याम : हो. कागदावर तसंच आहे.

जंगलू : वेगळा असन तर त्याइनं रिंगन उलटं फिरवलं. त्याले मी शून्य देईन. अन् तोच असन तर त्याचे गुन देऊन झाले. आता तिसरी गोष्ट मले नाई दिसत.

घनश्याम : एक आकडा आहे हो, जंगलूभाऊ! कोण पाहते नंतर?

जंगलू : पोट्ट्या पाहतीन ना. आश्रमशाळेचे मास्तर पाहतीन. उलट्या रिंगनाले जंगलू मडावीनं शहाऐंशी देल्ले, त्याची सही हाय. पुढच्या साली तसंच बसवतीन. मी टेबलावर बसलो काय अन् नाई काय, मंग.

भूमिका : बाबा, चूक माझी आहे. आरशात पाहिलं तर नाच तोच राहतो, गुण बदलत नाहीत, हे मी धरूनच चालले. रिंगणाला दिशा असते हे मला माहीतच नव्हतं.

जंगलू : कुठची होय तू?

भूमिका : इथलीच. गोरेगावची.

जंगलू : मंग काऊन नाई माहीत? राहू दे. तू निदान दोनदा दाखवलं. एकदाच दाखवलं असतं तर मलेही समजलं नसतं का गुरुजीचा पेन कुठं वाकते.

घनश्याम : घड्याळात साडेतीन झाले. लिहिता का नाही?

जंगलू : नाई लिहीत.

घनश्याम : भूमिका, नियम वाच.

भूमिका : सर, तो नियम विसरभोळ्यांसाठी होता. न पाहता पुढं जाणाऱ्यांसाठी. एकवीस जणांत पाहणारा एकच निघाला, अन् नियम त्यालाच लागून राहिला.

घनश्याम : नियम असाच असतो. कायले लागला, कोणाला लागला, हे विचारत बसला तर तो नियम नाही राहत. तूच मला सांगितलं होतंस हे. याच टेबलावर, सोमवारी. म्हटलं होतं का नाही?

भूमिका : म्हटलं होतं.

घनश्याम : अन् परीक्षा नियंत्रक म्हणून सही तुझी लागते, माझी नाही. नाही करायची तर नको करू. मी मंडळाला कळवतो, नियंत्रकानं चित्रफितीत फेरफार केला, कोणाला न विचारता. तेही खोटं नाही. परीक्षा रद्द. रविवार रद्द.

भूमिका : तुम्ही असं कराल?

घनश्याम : मला बदमाश करू नको. दोन कागद आहेत, दोन्ही खरे. कोणता पाठवायचा ते तू ठरव.

जंगलू : सही कर, बाई.

भूमिका : बाबा!

जंगलू : रविवार मोडला तर चिचगडच्या पोट्ट्याइनं कुठं जावं? धनवंतानं नवे घुंगरू आणले, डिंक विकून. माझ्यापायी नको मोडू. घरी गेलो का सांगतो तिले, औंदा ओळीतच उभ्या राहा. तोंड समोर.

भूमिका : असं नका ना सांगू.

जंगलू : मंग कोन पाहनार हाय पाठीकडून? सांग. ते बाहेर चहा पिऊन राहिले, त्याइच्यापैकी कोन? माझी पेन्सिल दे तेवढी. नातवाची होय, त्याले शाळेत लागते. चाललो, गुरुजी. जेवन मात्र चांगलं होतं तुमचं.

घनश्याम : जंगलूभाऊ, सहभागाचं प्रमाणपत्र तरी घेऊन जा. तीन दिवस आलात तुम्ही.

जंगलू : त्याच्यावर का लिहिलं हाय?

घनश्याम : ‘नृत्य परीक्षण शिकण्यासाठी उपस्थित होते.’

जंगलू : ठेवा तुमच्याजवळ. गाडी निंघाची माझी.

भूमिका : मी सोडते स्टँडवर, बाबा. गाडी आहे माझी.

जंगलू : तू निकाल लाव. लोकं थांबले हायत.

घनश्याम : गेला. भला माणूस आहे. हट्टी, पण भला. तुला राग आलाय माझा.

भूमिका : तुमचा एकट्याचा नाही.

घनश्याम : पुढच्या वर्षी त्याला पाहुणा म्हणून बोलावू. शाल देऊ. अन् पाठीचा नियमही पाहू काय करता येते. मी बोलतो मंडळात.

भूमिका : चित्रफितीचं काय करू?

घनश्याम : सातवी काढून टाक. पुढच्या प्रशिक्षणाला खरोखर कॉलेजचीच घालू.

भूमिका : अन् माझा तो फरकाचा कागद? तेवीस, अकरा, एकतीस?

घनश्याम : तो तुझा अभ्यास. घरी ठेव. निकालाच्या फायलीत नको. सही केलीस?

भूमिका : केली.

घनश्याम : दार उघडतो मी. सगळ्यांना ऐकू येईल असं वाच. फक्त आकडे वाच, बाकी काही बोलू नको.

भूमिका : उमेदवार एकवीस. रकाने एकशे अडुसष्ट. भरलेले एकशे सदुसष्ट. रद्द उत्तरपत्रिका एक. प्रमाणित परीक्षक वीस.